श्यामराव फिटरची सरकी

पांढरकवड्याच्या जुन्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, मधात एक खड्डा आणि समोर कडुनिंब. ट्रक आता बाहेरच्या चौपदरी रस्त्यानं परस्पर निघून जातात. इकडून जी गाडी जाते ती ओळखीची असते, आणि तिचा आवाजही ओळखीचा असतो. त्या सगळ्या आवाजांत श्यामराव फिटरचा हॉर्न सगळ्यात ओळखीचा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात नकोसा. गॅरेजसमोर आले की दोनदा दाबायचे, लांबलचक. थांबायचं असो की नसो. मी खड्ड्यात असलो की डोकं गाडीच्या पोटाला आपटायचं.

एकदा विचारलंच मी. "श्यामरावजी, काहून वाजवता जी हे? मी काय रस्त्यात झोपलो हावो?"

"भोंगा आहे तो," ते म्हणाले. "भोंगा झाल्याशिवाय मानूस कामाले लागते काय? मी आहो मनून तुमचं गॅरेज उघडते, मिस्त्री."

मी त्यांच्या आधी तासभर गॅरेज उघडत असे. पण त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे ओरडावं लागायचं, आणि या वयात ओरडायचा कंटाळा येतो.

ओरडावं लागायचं कारण त्यांचे कान जीनमध्ये गेले होते. गावच्या जुन्या जीनमध्ये, जिथं कापसातून सरकी वेगळी काढतात, तिथं मिसरूड फुटायच्या आधी लागले ते जीन बंद पडेपर्यंत होते. आधी तेल घालणारे, मग फिटर, मग मोठे फिटर. रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालू झाले की तिथं बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून सगळं हातानं बोलायचं. बोट गोल फिरवलं की चालू. मूठ वळली की बंद. आणि हात लांब करून पंजा आडवा, हवेत अगदी न हलवता धरला, म्हणजे सगळं थिर आहे, काळजी नको. जीन बंद पडलं तरी त्यांचे हात बंद झाले नाहीत. बाजारात भाजी घेताना मूठ वळायचे, बाईला कळायचं नाही की हा म्हातारा भांडतो आहे की पुरे म्हणतो आहे.

घरी मात्र कळायचं. त्यांची बायको, कमळाबाई, मी वहिनी म्हणायचो, तिला या सगळ्या खुणा पाठ होत्या. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला होतो. श्यामराव जेवता जेवता बोलत होते, आणि वहिनी भाकरी वाढत होती. यांनी न बघता मूठ वळली, तिनं भाकरी मागं घेतली. थोड्या वेळानं यांनी बोट फिरवलं, तिनं वरण आणलं. सगळं जेवण झालं, तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं भांडण झालं असेल. उठताना त्यांनी पंजा आडवा धरला, आणि वहिनी पदरात हसली. तेव्हा कळलं की जेवण चांगलं झालं असं सांगत होते.

दुसरी सवय सरकीची. खाकी शर्टाच्या खिशात तंबाखूची जुनी चपटी डबी असायची. लोकांना वाटायचं तंबाखू आहे, हात पुढं करायचे. आत सरकी. मूठभर सरकी, कापूस निघून गेलेली, काळपट. तिची गोष्ट ते कुणालाही सांगायचे, विचारलं नाही तरी.

गोष्ट अशी. जीनमध्ये एक रेचा नवा बसवला होता. सगळे म्हणत होते मस्त चालतो. शेठ स्वतः नारळ फोडून गेला. श्यामरावांनी मशीनच्या टोपणावर चार दाणे सरकी ठेवली. सरकी चालायला लागली. हळूहळू, मुंग्या निघाल्यासारखी, एका बाजूला. यांनी मूठ वळली आणि मशीन बंद करायला लावलं. कापसाच्या गाड्या दारात उभ्या. शेठ धावत आला, शिव्या घातल्या. हे मशीनच्या ओट्यावर मांडी घालून बसले.

"शेठजी, मी खोटं बोलन. तुमी खोटं बोलसान. सरकीले बोलता येत नाही. ते चालते, नाही तं बसते."

ओटा खोदला तर खालच्या एका बोल्टाखाली पोकळी निघाली. तेव्हापासून त्यांचा शब्द जीनमध्ये चालायचा. आणि तेव्हापासून त्यांची खात्री झाली की मशीन कोणतंही असो, ते जमिनीला जेवढं घट्ट आवळाल तेवढं ते गुणी. ही खात्री त्यांनी पुढं गाडीतही आणली. सगळी गोष्ट तिथंच आहे.

गाडी त्यांना शेठनं जाताना दिली होती. जीन विकलं, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा शेठची ती जुनी पांढरी, गोलमटोल डिझेल गाडी कुणी घेईना. श्यामरावांनी ती घरी आणली, आणि जीनच्या मोठ्या पट्ट्याचा एक हातभर तुकडा आणला. शाफ्टवरून रेच्याला फिरवणारा तो जाड पट्टा, कापड आणि रबर थरावर थर. बाकी काही आणलं नाही. गाडी अंगणात, पट्टा खुंटीला.

गाडीची ते सेवा करायचे. दसऱ्याला जीनमधली सगळी यंत्रं डिझेलनं धुवायची पद्धत होती. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. तसंच ते गाडीचं इंजिन दर दसऱ्याला डिझेलनं धुवायचे, ब्रशनं घासून, आरशासारखं. मी सांगून थकलो. "डिझेल लोखंडाले चालते, रबराले नाही." ते म्हणायचे, "लक्ष्मी आहे ते. लक्ष्मीले आंघोळ नको?"

मग वहिनीचा आजार निघाला. आधी कंबर धरायची. मग कळलं की आजार हाडात उतरला आहे. यवतमाळच्या दवाखान्यात दर काही आठवड्यांनी न्यायचं, सुई द्यायची, आणायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं, धक्का लागू देऊ नका. बस नाही, ऑटो नाही. श्यामराव म्हणाले, "घरची गाडी असताना ऑटो काहून?" मागच्या सीटवर गादी टाकली, उशा लावल्या, आणि वहिनीला आडवी करून न्यायला लागले. गाडी वीस-पंचवीसच्या वर नाही. मागून येणारे हॉर्न वाजवून बेजार. यांना ऐकू कुठं येतं.

पहिल्या दोन-तीन चकरा झाल्या आणि ते माझ्याकडे आले. हॉर्न दोनदा. उतरले.

"मिस्त्री, तुमची वहिनी म्हंते गाडी थरथरते. मले तं काही लागत नाही. पन ते म्हंते तं पहा."

त्याआधी ते चौपदरी रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे जाऊन आले होते. त्यानं चाकं काढून, शिसं लावून परत बसवली होती. मी विचारलं, "उभी असताना थरथरते का धावताना?"

"आता मले काय मालूम! मले लागतच नाही ना जी."

मी वहिनीला विचारलं. ती मागं पडून होती, उन्हात डोळे बारीक करून. म्हणाली, "उभी असली की जास्त, भाऊ. रेल्वेच्या फाटकावर थांबतो ना, तठी."

म्हणजे चाकाचा काही संबंध नाही. चाक फिरतच नाही तर त्याचा दोष कसा. मी तिला उतरवून कडुनिंबाखाली बाजेवर बसवलं. गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. गियरचा दांडा हिवताप आल्यासारखा थडथडत होता. श्यामरावांना आत बसवून सांगितलं, ब्रेक दाबून धरा, पहिला गियर टाका, क्लच अर्धा सोडा. त्यांनी सोडला. इंजिन एका बाजूनं चांगलं चार बोटं उचललं गेलं आणि धपकन खाली बसलं. रिव्हर्स टाकायला लावला, दुसऱ्या बाजूनं तेच. मग इंजिनखाली लाकडाची फळी देऊन जॅक लावला, आणि थोडंसं वर घेतलं, फक्त वजन उचलण्यापुरतं. दांडा शांत झाला. जॅक सोडला, पुन्हा हिवताप.

एवढ्यात मला कळलं. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं, ती माउंटिंग गेली होती. खाली उतरून पाहिलं. रबर डिझेल पिऊन फुगलं होतं, भिजलेल्या पापडासारखं. बोट लावलं की निघत होतं. दसऱ्याची आंघोळ.

"नवीन आनावं लागते," मी म्हणालो. "नागपूरले सांगतो. कंडक्टरच्या हातानं येऊन जाईल."

श्यामरावांनी तो रबराचा लगदा हातात घेतला, वास घेतला, आणि हसले. "याच्यावर इंजिन ठेवते हे लोक? याच्यावर तं मी बसनार नाही. राहू द्या तुमचं नागपूर. मी बनवतो."

चार दिवसांनी आले. त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला होता. कापला, थरावर थर ठेवला, रिबिटा मारल्या, भोकं पाडली, आणि घरीच अंगणात पालथं पडून बसवला होता. काम पाहिलं मी. सुबक होतं. काठ एकसारखे, भोक जिथं पाहिजे तिथंच. मी माझ्या उमेदीतही असं कापलं नसतं, हे मी कबूल करतो, आणि मी सहसा काही कबूल करत नाही.

त्यांनी गाडी चालू केली, इंजिनच्या टोपणावर डबीतली सरकी ठेवली आणि बाजूला झाले. सरकी बसून राहिली. एक दाणा हलला नाही. क्लच अर्धा सोडून दाखवला, इंजिन जागचं उठलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून हात लांब केला, आणि पंजा आडवा धरला.

"आता हे माझ्या नातवापावतर जाते."

"जाईन," मी म्हणालो. "पन श्यामरावजी, हे कडक आहे. इंजिन हालत नाही मनून थरथर जात नाही कोठी. जीनमंदी ते ओट्यातून जमिनीत जाते. इथं खाली जमीन कोठी आहे? इथं ते गाडीत जाते. बसनाऱ्याच्या अंगात जाते."

"सरकी पाह्यली ना?"

"पाह्यली."

"मंग?"

सरकी इंजिनवर बसली होती, हे खरंच होतं. मी ओरडून पुन्हा सांगितलं असतं. पण एखाद्याला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग माझं तोंड दुखतं. आणि दुसऱ्यानं बसवलेल्या वस्तूला मालकानं म्हटल्याशिवाय मी हात लावत नाही. हा माझा नियम आहे. अजून मोडलेला नाही.

वहिनी मागच्या सीटवर पडून होती. मी खिडकीशी गेलो. "वहिनी, आता थरथरते काय?"

तिनं आधी पुढं पाहिलं. श्यामराव बॉनेटपाशी उभे होते, फडक्यानं हात पुसत, सरकी एकेक करून डबीत परत घालत. लेकराचं बारसं झाल्यासारखा चेहरा.

"नाही जी," ती म्हणाली. "चांगली आहे. ह्यायनं सोता बनवलं."

तिचा हात सीटच्या काठावर होता. हात अगदी स्थिर, पण मनगटातल्या काचेच्या बांगड्या बारीक आवाज करत होत्या. किणकिण, एकसारखी, थांबतच नव्हती. मी पाहतो आहे हे तिच्या लक्षात आलं. तिनं पदर ओढून बांगड्यांवर घेतला. आवाज बंद झाला.

तिनं झाकलं ते मी कसं उघडणार.

उन्हाळा तापला. त्यांच्या चकरा चालू राहिल्या. सकाळी जाताना हॉर्न दोनदा, संध्याकाळी येताना दोनदा. मी सवयीनं हात वर करायचो. मागच्या काचेत उशी दिसायची, कधी तिचा हात दिसायचा, वरची दांडी घट्ट धरलेला. जाताना धरलेला, येताना धरलेला.

एका संध्याकाळी ते वहिनीला घरी सोडून एकटेच आले. खुशीत होते. बाजेवर बसले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगायला लागले.

"मिस्त्री, तुमची वहिनी म्हातारपनी शौकीन झाली, बाप्पा! जलमात कधी हाटेलात पाय ठेवला नाही. जत्रेले नेलं तं घरून डबा. आता? उमरीले थांबा म्हंते, चहा घेऊ. मोहद्याले थांबा. जोडमोह्याले थांबा. मी म्हनलं हे काय, नवी नवरी आनली काय मी?"

"पेते काय चहा?" मी विचारलं.

"कायचा पेते! दोन घोट. बाकीचा मलेच ढकलते. माझं पोट भरलं चहानं." ते हसत होते. "अन् कंजूस तेवढीच. थांबलो का पहिले म्हंते, मशीन बंद करा, डिझेल जाते. मी म्हनलं, अवं, दोन मिनटात काय टाकी रिकामी होते? नाही म्हंते. बंदच करा. मंग डोळे मिटून बसते. मी म्हनलं चहा थंडा होते, तं म्हंते होऊ द्या. बसू द्या जराशीक."

ते हसत राहिले. मला हसू आलं नाही. दिवसभर खड्ड्यात काम केलं होतं, पाठ धरली होती. मला वाटलं, आता हे याला कोण सांगणार. त्यांची मुलगी चंद्रपूरला. शेजारच्यांना गाडीतलं काही कळत नाही.

"श्यामरावजी," मी म्हणालो, ओरडलो नाही, जवळ जाऊन कानाशी म्हणालो. "वहिनीले चहा नाही पाह्यजे. गाडी बंद पाह्यजे."

ते थांबले. मग एकदम उठले.

"तुमी माझ्या पट्ट्याच्या मागंच लागले, मिस्त्री. पहिल्या दिवसापासून. दुसऱ्याचं काम पाहावत नाही तुमाले."

"तसं समजा."

"तसंच आहे!"

गाडीत बसले, आणि जाताना हॉर्न दिला तो दोनदा नाही, पार वळणापर्यंत दाबूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी कडुनिंबाखाली लावली. माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाच्या डब्याचं चपटं झाकण आणलं होतं. मागचं दार उघडलं, गादीवर बरोबर तिथं झाकण ठेवलं जिथं वहिनीची कंबर येते. डबी काढली. सरकी ओतली, बोटानं पसरली. मग पुढं जाऊन गाडी चालू केली आणि येऊन मागच्या दाराशी उकिडवे बसले.

मी खड्ड्याजवळून पाहत होतो. इतक्या लांबूनही मला झाकणाचा आवाज येत होता, पाऊस पडावा तसा बारीक. त्यांना तो येत नसणार. पण दिसत होतं. सरकी चालत नव्हती, नाचत होती. कडेला जायची, गादीवर पडायची. थोड्या वेळात झाकण रिकामं झालं.

त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा रिकामं झालं.

मग त्यांनी झाकण बाजूला केलं आणि तिथं आपला पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पालथा ठेवला. मग गाल टेकवून पाहिला.

"मिस्त्री," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला लहान वाटला. "मले अजूनबी काही लागत नाही."

"ते लागनं जीनमंदीच गेलं जी तुमचं. कान गेले तसे."

त्यांनी आत जाऊन गाडी बंद केली. गादीवरची सरकी वेचायला लागले. काही दाणे सीटच्या फटीत गेले होते, ते बोट घालून काढत होते. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"तिले मी इचारत होतो ना. दर टाइमले इचारलं. बरी आहे काय गाडी? बरी आहे म्हने."

मला बांगड्या आठवल्या. सांगावं वाटलं, पण सांगून त्यांचं काय भलं होणार होतं.

"तुमी सांगतलं होतं," ते म्हणाले.

"हाव."

बरोबर ठरलं की माणसाला बरं वाटतं, मला तर वाटतंच. त्या दुपारी नाही वाटलं.

नागपूरची रबरं माझ्याकडे आलेली होती. त्यांनी पट्टा बसवला त्याच आठवड्यात मी मागवून ठेवली होती. कुणी मागेल तेव्हा द्यायला. ती कपाटातून काढून मी बाजेवर ठेवली. श्यामरावांनी एक उचलून अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला.

"हे तं लोनी आहे. हे काय धरीन इंजिन?"

"धराचं नाही, झेलाचं आहे."

पट्ट्याची माउंटिंग त्यांनी स्वतः काढली. मला हात लावू दिला नाही. मी जॅक लावून इंजिन उचलून धरलं, तेवढंच. ते खड्ड्यात उतरले, आणि त्यांनी आवळलेले बोल्ट त्यांनाच सुटत नव्हते. आतून धापा ऐकू येत होत्या. मी म्हणालो, वर या, मी काढतो. खालून मूठ वर आली. बंद. म्हणजे गप्प बस. ऊन कडुनिंबाच्या पलीकडं गेलं तेव्हा चारही तुकडे खड्ड्याच्या काठावर आले, एकावर एक नीट रचलेले.

नवी रबरं मी बसवली. बोल्ट नुसते अडकवले, आवळले नाहीत. गाडी चालू करून तशीच ठेवली.

"आवळा ना," ते म्हणाले.

"थांबा. त्याले बसू द्या. त्याची जागा त्याले घेऊ द्या, मंग आवळतो. पहिलेच आवळलं तं रबर पिळून बसते."

जीनच्या फिटरला हे ऐकणं जड गेलं असणार. पण ऐकलं. इंजिन आपल्या जागी बसलं, मग मी एकेक बोल्ट हातानं जोखून आवळला. सायलेन्सर ज्या रबरांना टांगलेला असतो तीही कडक झाली होती, ती बदलली. गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग थोडा वाढवला. मग त्यांनी झाकण ठेवलं आणि सरकी पसरली.

सरकी बसली. सगळी नाही. दोन-चार दाणे सरकत होते, आळसावल्यासारखे.

"हे चालून राह्यले," ते म्हणाले.

"तेवढं चालनारच जी. इंजिन आहे ते."

"नाही चालाले पाह्यजे."

मी आणखी एकदा खाली उतरलो. माझे गुडघे मला शिव्या देत होते. मागचं गिअरबॉक्सचं माउंटिंग पाहिलं, त्याचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला, पुन्हा बसवला. वर आलो तेव्हा ते झाकणावर वाकून बसलेले होते. इतके वाकलेले की नाक सरकीला लागेल. सरकी आता बसली की नाही, त्यांच्या डोक्याआड मला दिसलं नाही. त्यांनी झाकण उचललं, सरकी डबीत ओतली, डबी खिशात टाकली आणि गाडी घेऊन गेले.

पट्ट्याचे तुकडे काठावरच राहिले. मी हाक मारली, त्यांना ऐकू आली नाही. किंवा आली असेल. ते तुकडे अजून माझ्याकडे आहेत, गाडी उचलली की चाकाखाली अडणी म्हणून लावतो. एवढी वर्षं झाली, एक रिबिट हलली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. वहिनी त्या हिवाळ्यात गेली. श्यामराव मुलीकडे चंद्रपूरला गेले, गाडी अंगणातच राहिली, मग कुणी तरी नेली. ते वारल्याचं मला उशिरा कळलं, एका ड्रायव्हरच्या तोंडून, तोही ऐकीव सांगत होता. मुलीला फोन करावासा वाटला. पण मला फोनवर बोलता येत नाही नीट, आणि काय बोलणार होतो.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते रबर बदलल्यानंतरच्या पहिल्या चकरेचं. त्यानंतरही ते जात-येत असतील, पण मी तेव्हा आजारी होतो, गॅरेज बंद होतं. त्यामुळे माझ्यासाठी तेच शेवटचं.

संध्याकाळ होती. ते सकाळी यवतमाळला गेल्याचं मला माहीत होतं. ते गेले तेव्हा मी चहा घ्यायला चौकात गेलो होतो, म्हणून दिसले नव्हते. येताना तरी पाहावं म्हणून मी बाजेवर बसून होतो. काम होतं, पण हात लावला नाही. हॉर्नची वाट पाहत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या हॉर्नची वाट पाहिली असेल.

हॉर्न झालाच नाही. गाडीच दिसली एकदम वळणावर, हळूहळू येणारी. मला वाटलं बिघडली. उठून उभा राहिलो. गाडी समोर आली. मागच्या काचेत वहिनी होती. आज दांडी धरलेला हात नव्हता. डोकं उशीवर एका बाजूला कललेलं, तोंड थोडं उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. झोपली होती. गाडी चालू असताना, गाडीत, गाढ.

श्यामराव पुढं ताठ बसलेले, नजर रस्त्यावर. मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून हात बाहेर आला, लांब झाला, आणि पंजा आडवा, हवेत, अगदी न हलता तसाच धरलेला राहिला, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत.